दहाला त्रेचाळीस

घट बसले की मला गिअर ऑइलचा वास येतो. बाकीच्यांना शेवंतीचा येतो, धुपाचा येतो, उपासाच्या साबुदाण्याचा येतो. मला ते सगळे येऊन वर आणखी हा एक. हिंगाच्या डब्यात कुणी जळती काडी विझवावी तसा. यंदाही परवा सुधानं, म्हणजे माझ्या सुनेनं, देवघरात परडी मांडली, काळ्या मातीत गहू पेरले. मी जपमाळ हातात घेऊन डोळे मिटले, तर समोर देवी नाही, तेलानं निथळणारं एक दातेरी चाक. पंचाहत्तरी उलटलेल्या बाईनं असं काही बोलून दाखवू नये. पण दाखवलं तर कोण काय करणार आहे?

दोन वर्षांपूर्वीचं ते नवरात्र. त्या दिवसांत धारवाडचा पाऊस निरोप घेतलेल्या पाहुण्यासारखा उंबऱ्याशी रेंगाळतो. गेला म्हणावं तर संध्याकाळी पुन्हा छत्री विसरली म्हणून येतो. पहाटे अंधारात बायका बन्नीच्या झाडाला प्रदक्षिणा घालायला निघतात. बन्नी म्हणजे शमी, पण इथं शमी म्हटलं तर कुणी वळून बघणार नाही. ओल्या केसांच्या, हातात तबक घेतलेल्या त्या बायका आमच्या सप्तापूरच्या घराशी आल्या की त्या वर्षी पावलं मंद करत आणि फाटकातून आत डोकावत. आत पडवीत दिव्याखाली एक गाडी चार ठोकळ्यांवर चढवलेली असे, आणि तिच्याखालून दोन पाय बाहेर आलेले असत. ते पाय माझ्या नातीचे. मुक्ताचे. आणि शेजारी खुर्ची टाकून, शाल पांघरून, टॉर्च धरून बसलेली मी.

"अज्जी, येणार नाही का बन्नीला?" एखादी विचारायची.

"माझी देवी इथंच आडवी पडलीय," मी म्हणायची.

गाडीबद्दल आधी सांगायला हवं. ब्याडगी मिरची पिकून वाळायला घातल्यावर जो रंग येतो ना, त्या रंगाची. उघडी, दोनच माणसांची, आणि इतकी ठेंगणी की आत बसणं म्हणजे पाटावर बसणं, आणि बाहेर येणं म्हणजे घरातली सगळी माणसं जमा करणं. तिची कुंडली मात्र सरळ नव्हती. कुणा हौशी माणसानं घरीच बांधलेली ती स्पोर्ट्स कार. इंजिन एका गाडीचं, मागचा आडवा दांडा एका जुन्या व्हॅनचा, अंग फायबरचं. मुक्ता तारिहाळच्या एका कारखान्यात दातेरी चाकं तपासते. दिवसभर दुसऱ्यांची चाकं बघायची आणि घरी येऊन स्वतःच्या या मिरचीवर जीव टाकायचा. तिनं स्वतःच्या कमाईतून घेतलेली पहिली वस्तू ती. सोन्याची बांगडी घे म्हणून सुधा मागं लागली होती. बांगडीला स्टिअरिंग नसतं, असं उत्तर मिळालं.

भांडण पेटलं ते गणेश चतुर्थीला. माझा मुलगा श्रीधर वकील आहे. बोलणं मोजकं, कपडे कडक, चारचौघांत हसणं वर्ज्य. मुक्तानं हट्ट धरला की यंदा बाप्पा मिरचीतून येणार. हा तिच्या शेजारी बसला, मांडीवर गणपती, गणपतीच्या तोंडावर रुमाल. आता आमच्या बयेनं सरळ यावं ना? नाही. मिरवायचं म्हणून विद्यापीठाच्या टेकडीचा वळणावळणाचा चढ घेतला. अर्ध्या चढावर गाडी धापा टाकायला लागली. मग आचके द्यायला लागली. मग क्लचचा करपलेला वास आला आणि मिरची गप्प झाली. वरून कॉलेजची पोरं उतरत होती. त्यातलं एक श्रीधरकडेच वकिली शिकणारं.

"सर, तळ्ळबेका?" त्यानं विचारलं. म्हणजे, ढकलू का?

सरांच्या मांडीवर गणपती. उतरताही येईना. दहा-बारा पोरांनी 'मोरया, मोरया' करत साहेबांना, साहेबांच्या बाप्पाला आणि मिरचीला टेकडीवर नेऊन ठेवलं. गणपती रुमालाखाली हसत होता असं मुक्ता म्हणते. श्रीधरला रुमाल नव्हता.

त्या रात्री जेवताना त्यानं निकालपत्र वाचल्यासारखं सांगितलं, "मुक्ता, गाडी तुझी आहे. अंगण माझं आहे. दसऱ्याला सीमोल्लंघन त्याच चढावर. दुसऱ्या गिअरमध्ये, न थांबता, न ढकलता. जमलं तर राहू दे. नाही जमलं तर दिवाळीच्या आत गिऱ्हाईक बघायचं."

"अप्पा, इंजिनात दोष नाही हो तिच्या."

"मग माझ्यात होता?"

मुक्तानं ताटाकडं पाहिलं. भाताचा गोळा तसाच हातात. तिला मी ओळखते. आरडाओरडा केला असता तर मी निर्धास्त झोपले असते. ती गप्प राहिली म्हणजे लागलंय. ती गाडी गेली असती तर नुसतं पत्रा-फायबर गेलं नसतं. 'तुला झेपणार नाही' हे वाक्य तिच्याच अंगणात, तिच्याच माणसांकडून खरं ठरलं असतं. आणि असलं वाक्य एकदा खरं ठरलं की बाईच्या मागं जन्मभर येतं, मी सांगते.

दोष खरंच इंजिनात नव्हता. दुसऱ्या दिवशी तिनं मला पडवीत नेऊन समजावलं. मागच्या दोन चाकांच्या मधोमध एक लोखंडी फुगा असतो, त्याला डिफरन्शियल म्हणतात. इंजिनाकडून फिरत आलेला दांडा तिथं येतो. दांड्याच्या टोकाला लहान दातेरी चाक, ते पिनियन. ते जेवणाच्या ताटाएवढ्या मोठ्या चाकाला फिरवतं, ते क्राऊन. आणि क्राऊन फिरलं की गाडीची चाकं फिरतात. एवढंच. जगातल्या सगळ्या गाड्या शेवटी या दोघांच्या संसारावर चालतात.

"तू गणिताची ना अज्जी? मग मोज," म्हणून तिनं जुनी जोडी माझ्यापुढं ठेवली.

मी चष्मा चढवला. लहानाला अकरा दात, मोठ्याला एक्केचाळीस.

"म्हणजे दांडा जवळजवळ पावणेचार वेळा फिरला की चाक एकदा फिरतं," मी म्हटलं.

"बरोबर. ज्यानं ही बांधली तो हायवेवर पळणारा माणूस. सपाट रस्त्याला हे छान. इंजिन निवांत, गाडी सुसाट. पण चढावर त्या बिचाऱ्या इंजिनाला एका दमात फार ओढायला लागतं." मग तिनं फडक्यातून दुसरी जोडी काढली, हुबळीच्या भंगार बाजारात त्याच जातीच्या व्हॅनच्या दांड्यातून शोधून आणलेली. "आता ही मोज."

दहा. आणि त्रेचाळीस.

"सव्वाचारच्याही वर!"

"हां. इंजिन जास्त पळेल, पण प्रत्येक पावलाला ओझं कमी. वेग थोडा द्यायचा, जोर घ्यायचा."

ती जोडी हातात घेऊन मी जी हसायला लागले ती थांबेचना. मुक्ताला वाटलं, अज्जीला ऑइलचा वास चढला. मला चढली होती ती एक मुलगी. दोन वेण्या, कडक इस्त्रीची साडी, पदराला चार पिना, आणि त्रैराशिकानं सुटणार नाही असं जगात काही नाही हा ठाम समज. मीच ती. त्याच टेकडीवर एम.एस्सी.ला जायची, सायकलवरून. वर्गात बाकी सगळी मुलं; त्यांना मागं टाकल्याशिवाय बाईसाहेबांना अन्न गोड लागत नव्हतं. म्हणून एका सुट्टीत मी कागदावर गणित मांडलं: सायकलचं पुढचं दातांचं चाक मोठं बसवलं तर एका पायडलात अंतर जास्त, म्हणजे तेवढ्याच पायडलांत वेग जास्त, म्हणजे मी पहिली. सायकलवाल्यापुढं तो कागद फडकवला. "हेच बसवा." त्यानं बसवलं.

सपाटीवर मी वाऱ्यासारखी गेले, खोटं नाही सांगत. मग चढ लागला. माझ्या त्रैराशिकात चढ नव्हता. अर्ध्यावर पाय असे अडले, जणू सायकल सिमेंटात उभी आहे. मुलं मागून येत होती. उतरून ढकलत जावं, तर नाक कापलं जाणार. तिथं वळणावर एक बुचाचं झाड होतं, खाली पांढऱ्या लांब दांड्याच्या फुलांचा सडा. मी उतरले, सायकल झाडाला टेकवली, एक फूल उचललं, आणि असं निरखायला लागले की जणू मी त्याच कामासाठी घरून निघाले होते.

हे रोज. दम घालवायला झाडाचा आडोसा, तोंडावर निसर्गप्रेम. मुलं जाता जाता विचारायची, "काय, आज बुंधा की फांदी?" वरताण म्हणजे वनस्पतिशास्त्राचे एक प्राध्यापक पायी जायचे, त्यांना फार आनंद झाला. गणिताच्या मुलीला झाडांची एवढी ओढ! ते थांबायचे आणि बुचाच्या सालीबद्दल सांगायचे. मी मान हलवायची. पहिला तास रोज बुडायचा. अख्खी सहामाही मी त्या चाकाशी झगडले, पण जुनं बसवून घेतलं नाही. कारण मग सायकलवाल्यापुढं कागद उलटा फडकवावा लागला असता. एवढी हुशार मुलगी, आणि एवढी बेअक्कल! आज भेटली तर मी तिची वेणी ओढीन. शेवटी दसऱ्याला सायकल धुवायला काढली तेव्हा वडिलांनीच ते चाक पाहिलं, काही न बोलता लहान बसवून आणलं, आणि मी ते लक्षातच आलं नाही असं दाखवत दुसऱ्या दिवशी टेकडी चढून गेले. प्राध्यापकांना वाटलं, मुलीची आवड ओसरली.

हे सगळं मुक्ताला सांगितल्यावर ती गाडीखालून म्हणाली, "म्हणजे हे घराण्यातलंच आहे."

"दोष घराण्यातला आहे. दुरुस्ती तुझ्यापासून सुरू."

तर असं नवरात्र लागलं. हुबळीच्या दोन गॅरेजवाल्यांनी सणाच्या गर्दीत हे किचकट काम घ्यायला नकार दिला होता. म्हणजे करायचं तर तिनंच. कारखान्यातून आली की कपडे बदलून ती गाडीखाली. पहिल्या माळेला तिनं जुनं ऑइल काढलं आणि सगळं घर त्या वासानं भरलं. सुधा देवघरातून ओरडली, "नवरात्रात गाडीची आतडी काय काढताय गं! देवीला तरी वास सोसेल का?"

"देवीनं महिषासुर फाडलाय आई, तिला काय ऑइलचं!"

घटातले अंकुर वर येत होते आणि पडवीत गाडी रोज थोडी थोडी उकलत होती. मला त्या दिवसांचा फार अभिमान वाटतो, आणि मी केलेलं काय, तर टॉर्च धरली. पण टॉर्च धरणंही शिकावं लागतं बरं. पहिले दोन दिवस मी उजेड जिथं मला बघायचं तिथं पाडत होते. मुक्ता म्हणाली, "अज्जी, माझ्या हाताकडं नको, हात जाणार आहे तिकडं." शाळेत एवढी वर्षं शिकवून मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

शाळेवरून आठवलं. त्या दोन जोड्या पुन्हा पुन्हा मोजताना माझ्या ध्यानात आलं: अकरा-एक्केचाळीस, दहा-त्रेचाळीस, कुठंच सामाईक अवयव नाही. सहमूळ संख्या! मी मुक्ताला विचारलं, हा योगायोग का?

"छे गं. मुद्दाम तसे घेतात. तसं असलं की लहान चाकाचा प्रत्येक दात मोठ्याच्या प्रत्येक दाताला भेटतो. त्याच त्या दोघांची रोज गाठ पडली तर तेवढेच झिजतात."

हळदीकुंकवाला प्रत्येकीनं प्रत्येकीला भेटावं, दोघींनीच कोपऱ्यात बसून कुजबुजू नये, तसं. मी शाळेच्या फळ्यावर सहमूळ संख्या जन्मभर लिहिल्या. त्यांचा उपयोग काय, असं एका मुलीनं विचारलं होतं, तेव्हा मी तोऱ्यात म्हटलं होतं, "परीक्षेत येतात." तेव्हाच्या माझ्या त्या पांढऱ्या स्टार्चच्या तोऱ्याचं मला आता फार हसू येतं. ती मुलगी कुठं असेल कोण जाणे. बाई गं, उपयोग सापडला. आमच्या पडवीत होता.

आणखी एक गंमत. पिनियन आणि क्राऊन, दोघांच्या अंगावर एकच आकडा कोरलेला असतो. एकमेकांवर घासून जुळवलेली जोडी ती. एकाला दुसरीकडं द्यायचं नाही. आमच्या वेळी आधी पत्रिका जुळवायचे, घासाघीस मागून व्हायची. इथं उलट क्रम होता, आणि मला तो जास्त शहाणपणाचा वाटला.

खरं कौशल्य पुढं होतं. नवी जोडी नुसती बसवून चालत नाही. दातांमध्ये केसाएवढी फट लागते. अजिबात नसेल तर चाकं आवळून तापतात, जास्त असेल तर खडखडतात. ती फट साधायला क्राऊनच्या दोन्ही बाजूंना पातळ लोखंडी चकत्या घालतात, अगदी पत्त्याच्या पानासारख्या. एक काढ, एक घाल, फिरव, फट मोजायच्या काट्यावर बघ, पुन्हा काढ. मुक्ताचा तो संयम कुठून आला, देव जाणे. बापाचा नाही, माझा तर नाहीच. अष्टमीच्या संध्याकाळी तिनं एकदम श्वास सोडला. फट हवी तेवढीच. दातांना निळा रंग लावून फिरवलं तर डागही हवा तिथंच पडला. कुठल्या बाजूला किती चकत्या ते ठरलं. दोन बाजूंच्या दोन चळती तिनं वेगवेगळ्या वाट्यांत ठेवल्या, सगळं पुसून घेतलं, आणि म्हणाली, "उद्या जोडायचं, झालं."

उद्या खंडेनवमी होती हे ती विसरली. सुधा विसरली नव्हती.

सकाळी उठून बघतो तर पडवी साफ. पाने, हातोडी, काट्याचं यंत्र, दोन्ही वाट्या, सगळं देवघरासमोर पाटावर मांडलेलं, झेंडूनं माखलेलं. आमच्याकडं खंडेनवमीला हत्यारं पुजतात आणि दुसऱ्या दिवशीची आरती होईपर्यंत त्यांना हात लावत नाहीत.

"आई, एकच पाना दे. एक."

"देवीपुढचं उचलायचं नाही. त्यांनाही एक दिवस विश्रांती हवी."

"अगं, उद्या संध्याकाळी चढ आहे!"

"मग उद्या आरती लवकर करू."

श्रीधर वर्तमानपत्रामागून म्हणाला, "सुम्मने, गप्प बस, मुक्ता. आज कोर्टही बंद आहे."

मला वाटलं, आता ठिणगी पडणार. पण पोरगी गप्प पडवीत गेली आणि रिकाम्या हातांनी, हवेतच, सगळं जोडण्याची रंगीत तालीम करायला लागली. हे उचल, ते फिरव, इथं चार बोल्ट, तिथं दट्ट्या. दुपारभर. फाटकाशी आलेल्या बाईला वाटलं, नृत्य बसवतेय. मी खुर्चीवरून नसलेली टॉर्च धरली.

दसऱ्याला आरती झाली आणि हत्यारं उठली. तालीम केलेले हात सरसर चालले. चकत्या घातल्या, क्राऊन बसवलं, आता शेवटची तपासणी. तर निळ्या रंगाची ट्यूब वाळून दगड झालेली. दसऱ्याच्या दिवशी सुभाष रोडवर झेंडू आणि ऊस सोडून काय मिळणार?

मुक्तानं क्षणभर डोकं खाजवलं. "अज्जी, मारुतीचा शेंदूर आहे का गं घरात? जुने मेस्त्री तोच वापरायचे म्हणे."

होता. मी गोड्या तेलात कालवून दिला. तिनं बोटानं क्राऊनच्या दातांना फासला, आणि ते चाक हनुमंतासारखं लालभडक झालं. तिनं दांडा फिरवला. फिरेना. म्हणजे फिरला, पण जड, आवळल्यासारखा. आणि शेंदूर पुसला गेला तो दाताच्या मधोमध नाही, अगदी आतल्या टोकाला.

"परवा बरोबर होतं," ती पुटपुटली. पुन्हा फिरवलं. "अज्जी, परवा बरोबर होतं गं." आणि ती जमिनीवर बसली. हातातला पाना तिनं बाजूला ठेवून दिला. आतून पुरणाचा वास येत होता, श्रीधर नवं धोतर आहे की नाही ते विचारत होता, आणि माझ्या नातीची गाडी तिच्या हातातून चालली होती.

मी शाळामास्तरीण. उदाहरणाची रीत बरोबर आणि उत्तर चूक, तर मी मुलींना सांगायची, मांडणीत काहीतरी जास्तीचं शिरलंय, शोधा. परवा आणि आज यांच्यामध्ये काय घडलं? खंडेनवमी. मी घराकडं नजर फिरवली. मिक्सरला हळदकुंकू. गॅसच्या शेगडीला. श्रीधरच्या कायद्याच्या पुस्तकांना, मुक्ताच्या लॅपटॉपला, छत्रीला. अहो, माझ्या कवळीच्या डबीलासुद्धा! आमच्या सुधाची पूजा म्हणजे तिच्या तावडीतून निर्जीव वस्तू सुटणार नाही.

"मुक्ता," मी म्हटलं, "चकत्या बाहेर काढ."

काढल्या. प्रत्येक चकतीवर, एकूण एक, नखाएवढा कालवलेल्या कुंकवाचा टिळा, वाळून कडक झालेला. एका बाजूला चकत्या जास्त, म्हणून त्या बाजूला टिळे जास्त. तेवढंच क्राऊन सरकलं होतं.

"एकेकीला लावलंय अज्जी! एकेकीला!" मुक्ता ओरडली, आणि मग आम्ही दोघी तोंडावर हात दाबून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. तिनं रॉकेलची वाटी पुढं ओढली आणि थबकली. "दसऱ्याच्या दिवशी कुंकू पुसायचं?"

"त्यांचे नवरे धडधाकट आहेत. पूस."

पुसलं. पुन्हा बसवलं. पुन्हा शेंदूर. आणि मग दाताच्या बरोबर मधोमध, सोललेल्या बदामाएवढा स्वच्छ डाग उमटला. एका दातावर, दुसऱ्या दातावर, प्रत्येक दातावर. मी आयुष्यात पुष्कळ चांगल्या उत्तरपत्रिका तपासल्या आहेत. तशी एकही नव्हती. सुधाला आम्ही हे सांगितलं नाही; आता हे वाचून कळेल. सुधा, तुझी देवी पावली, तिनं फक्त थोडी परीक्षा बघितली असं समज.

संध्याकाळी मिरचीच्या चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फुटला. दोनच जागा. श्रीधरनं साफ सांगितलं, तो बसणार नाही. तो स्कूटरवरून पुढं जाऊन वर बन्नीची पानं घेऊन थांबेल. सुधा म्हणाली, मला नैवेद्य आहे. म्हणजे मी. दोघांनी दोन हातांना धरून मला त्या पाटावर उतरवलं.

फाटकातून निघालो आणि पहिल्याच वळणावर कळलं, ही वेगळी गाडी आहे. आधी ती सुस्कारे टाकायची. आता पाय टेकला की लगेच 'ओ' देत होती. आवाज मोठा, पण खोकल्याचा नव्हे, गाण्याचा. वेगाच्या काट्यावर साठ दिसत होते. "साठ?" मी किंचाळले.

"खोटं बोलतोय अज्जी. दात बदलले ना, काट्याला माहीत नाही. खरे बावन्न."

असला काटा बायकांच्या वयाला का बसवत नाहीत, कोण जाणे.

टेकडीचा चढ लागला. दुसरा गिअर. झाडं मागं जात होती, ओली माती, कुठं तरी ढोल, उजेड पिवळा पडत चाललेला. मुक्ताचे ओठ घट्ट, डोळे समोर. गणपती जिथं अडला होता ती जागा आली आणि गेली, आणि गाडीला ती कळलीसुद्धा नाही. वर वळणाच्या टोकाला श्रीधर दिसत होता, रेशमी उपरणं, हातात पानांची डहाळी. आता पुढं बूच. त्या वर्षीही खाली तसाच सडा.

"थांबव," मी म्हटलं.

"काय?"

"इथं. झाडाशी. थांबव."

"अज्जी, न थांबता जायचं ठरलंय! अप्पा बघतायत!"

"बघू दे. चालत्या गाडीनं चढ चढणं सोपं गं. थांबून निघणं म्हणजे खरं. मला या झाडाशी थांबून, न ढकलता, पुढं जायचंय. एकदा."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग हसली, आणि ब्रेक दाबला.

वर श्रीधरला काय दिसलं असेल? गाडी त्याच चढावर पुन्हा मेली. डहाळी तशीच धरून तो उतारावरून धावत सुटला. मला वाटलं, 'सांगितलं होतं' म्हणायला येतोय. पण त्यानं धावता धावता उपरणं कमरेला खोचलं, बाह्या वर सारल्या. "हँडब्रेक ओढ, मुक्ता!" तो ओरडत होता. "उतरू नकोस! मी ढकलतो! अज्जीला धर!"

गाडी विकायला निघालेला माणूस. भर दसऱ्याला, सगळ्या टेकडीसमोर, ढकलायला धावत आला.

मुक्ताचे डोळे भरले, पण पाय चुकला नाही. पहिला गिअर. क्लच सुटला, ना आचका, ना वास. लोखंडाच्या त्या फुग्यात दहा दातांनी त्रेचाळिसांना हाक मारली आणि गाडी अशी उचलली की माझी पाठ मागं टेकली. श्रीधर गाडीपाशी पोचला आणि गाडी त्याच्याजवळून निघून गेली. दुसरा गिअर. मी त्याला हात केला. काय करणार, करावाच लागला.

ती गाडी अजून अंगणातच आहे. सुधा दिवाळीला तिच्याभोवती रांगोळी काढते, चाकांशी दोन पणत्या ठेवते. परवा घट बसले आणि मुक्ता सह्याद्रीतल्या कुठल्याशा घाटचढाईच्या शर्यतीची तयारी करतेय. बाप बाजारातून ऑइलचे डबे उचलून आणतो आणि 'वास फार येतो' म्हणतो. चकत्यांच्या वाट्या मात्र खंडेनवमीला आता माझ्या कपाटात कुलपात असतात.

पण त्या संध्याकाळचं सांगत होते. वर पोचलो, मुक्तानं गाडी वळवून उभी केली. तिचे हात अजून स्टिअरिंगवर, नखांत शेंदूर.  श्रीधर आला की 'बन्नी तगोंडु बंगारदंग इरोण' म्हणायचं होतं. बन्नी घेऊन सोन्यासारखं राहू या. इकडं दसऱ्याला प्रत्येक जण प्रत्येकाला असंच म्हणतो. पण श्रीधर येईना.

मी मान वळवून खाली पाहिलं. अर्ध्या चढावर, बुचाच्या झाडापाशी, माझा पन्नाशीतला मुलगा एक हात बुंध्यावर टेकून उभा होता. छाती भात्यासारखी हलत होती. खालून पोरांचा एक घोळका येत होता. त्यांना पाहून तो सरळ झाला, वाकून एक फूल उचललं, आणि डोळ्यांजवळ नेऊन अगदी बारकाईनं निरखायला लागला.

"अप्पा काय करतायत?" मुक्तानं विचारलं.

"थांबू या जरा," मी म्हटलं. "आमच्या घराण्याला झाडांची फार आवड."